पुरवठा साखळीतील कारकीर्द आणि कर्मचाऱ्यांची प्रेरणा : प्रचलित संशोधनदृष्टीची चिकित्सा

सारांश

पुरवठा साखळी व्यवस्थापनाच्या क्षेत्रात कारकीर्द करण्यास कर्मचारी कशामुळे प्रवृत्त होतात, हा वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील संशोधनाचा एक रूढ विषय झाला आहे. त्याचे उत्तर बहुधा प्रश्नावलीच्या आधारे वेतन, बढती, प्रशिक्षण व कामाचे आव्हान या चार-पाच घटकांत शोधले जाते. ही दृष्टी अपुरी असून साखळीतील बहुसंख्य माणसे तिच्या कक्षेबाहेर राहतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मुंबईचे डबेवाले, माथाडी कामगार आणि नागपूर परिसरातील गोदाम व वाहतूक व्यवसाय यांच्या आधारे वाटा, हमी आणि मान या तीन अंगांनी प्रेरणेचा विचार व्हावा, असे येथे सुचविले आहे.

बीजशब्द : पुरवठा साखळी, प्रेरणा, कारकीर्द, डबेवाले, माथाडी कायदा, नागपूर.

प्रस्तावना

'पुरवठा साखळी व्यवस्थापन' ही संज्ञा तशी अलीकडची. व्यवस्थापन सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी ती १९८२ मध्ये प्रथम जाहीरपणे वापरली, असे मानले जाते. संज्ञा नवी असली तरी तिने निर्देशित होणारे काम आपल्याकडे नवीन नाही. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलुखभर फिरणारे बंजारा तांडे, बाजारपेठेतील अडते, तोलणार, हमाल, हुंडेकरी ही सर्व मंडळी मालाला उत्पादकाकडून ग्राहकापर्यंत नेणारी साखळीच होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात आली आणि विदर्भातील तांड्यांचा वाहतुकीचा व्यवसाय क्रमाने मोडीत निघाला. तांड्यातील माणूस या व्यवसायात जन्माने आला होता आणि त्यातून बाहेर पडला तो परिस्थितीने. त्याने कारकीर्द 'निवडली' असे म्हणता येणार नाही. हा इतिहास येथे नमूद करण्याचे कारण एवढेच की, 'कारकीर्द निवडण्याची प्रेरणा' हा प्रश्न विचारताना निवड करण्याचे स्वातंत्र्य आपण गृहीत धरतो. ते गृहीतक प्रत्येक काळी आणि प्रत्येक माणसाबाबत खरे असतेच असे नाही.

गेल्या काही वर्षांत या विषयाला अभ्यासक्रमांत मानाचे स्थान मिळाले आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरील कर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत गोदामे ठेवीत. ती गरज संपल्यावर मोजक्या ठिकाणी मोठी गोदामे उभारण्याकडे कल वाढला. त्याच वर्षी मालव्यवस्था क्षेत्राला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. परिणामी महाविद्यालयांतून या विषयाचे पदवी व प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाले आणि 'या क्षेत्राकडे तरुण का वळतात' यावर शोधनिबंधही लिहिले जाऊ लागले. या निबंधांमागील दृष्टीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रेरणा सिद्धांतांची उगमभूमी

या विषयावरील बहुतेक लेखनाचा सैद्धांतिक पाया तीन नावांवर उभा असतो : मॅस्लो, हर्झबर्ग आणि शाईन. अब्राहम मॅस्लो यांनी गरजांच्या श्रेणीक्रमाची मांडणी १९४३ मध्ये केली. आपल्या पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळणारा त्रिकोणी मनोरा मात्र त्यांच्या त्या लेखात नाही. तो पुढील व्यवस्थापन-लेखकांनी तयार केला. फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये द्विघटक सिद्धांत मांडला. वेतन, पर्यवेक्षण, कामाची परिस्थिती हे घटक असमाधान टाळतात. खरी प्रेरणा मात्र यश, मान्यता, जबाबदारी व प्रत्यक्ष काम यांतून मिळते, असे त्याचे सार आहे. हा सिद्धांत पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. एडगर शाईन यांनी मांडलेली 'कारकिर्दीच्या नांगरां'ची संकल्पना अमेरिकेतील एका नामांकित व्यवस्थापन संस्थेच्या ४४ पदवीधरांच्या दीर्घ पाठपुराव्यातून निर्माण झाली.

हे सिद्धांत त्यामुळे चुकीचे ठरतात, असे येथे म्हणावयाचे नाही. पुढे ते अन्य व्यवसायांतही तपासले गेले. तथापि त्यांची मूळ मांडणी ज्यांच्या अनुभवावरून झाली ती माणसे सुशिक्षित, नियमित वेतन घेणारी आणि नोकरी बदलू शकणारी होती, हे विसरता येत नाही. अशा माणसाला वेतन हा 'असमाधान टाळणारा' घटक वाटणे स्वाभाविक आहे. ज्याची मजुरी आज किती ट्रक रिकामे झाले यावर ठरते, त्याच्या बाबतीत वेतन कोणत्या रकान्यात बसवावयाचे? आपले संशोधक बहुधा हा प्रश्न उपस्थित करीत नाहीत. सिद्धांत जसाच्या तसा उचलून त्यावर प्रश्नावली बेतली जाते.

प्रश्नावलीची मर्यादा

या प्रकारच्या संशोधनात सामान्यतः पाच बिंदूंची मापनश्रेणी वापरली जाते. 'माझे काम आव्हानात्मक आहे', 'येथे प्रगतीची संधी आहे' अशा विधानांवर 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' यांपैकी एका ठिकाणी खूण करावयाची असते. उत्तरांची सरासरी काढली जाते व घटकांचा क्रम लावला जातो. या पद्धतीत चार दोष संभवतात.

पहिला दोष नमुना निवडीचा. प्रश्नावली नोकरीत असलेल्यांनाच दिली जाते. सहा महिन्यांत काम सोडून गेलेला माणूस तिच्यात येत नाही. टिकून राहिलेल्यांना 'का आलात' असे विचारून क्षेत्राच्या आकर्षणाचे मोजमाप करणे म्हणजे उत्तीर्णांच्या गुणपत्रिका पाहून परीक्षा सोपी होती असे ठरविण्यासारखे आहे. दुसरा दोष वितरणाचा. प्रश्नावली पुष्कळदा वरिष्ठांमार्फत वाटली जाते आणि त्यांच्याकडूनच परत येते. अशा उत्तरांत संकोच असणारच. तिसरा दोष भाषेचा. इंग्रजीत बेतलेल्या विधानांचे मराठी वा हिंदी रूपांतर करताना अर्थ बदलतो. 'आव्हानात्मक काम' हे शब्द ऐकून व्यवस्थापकाला बुद्धीचा कस लावणारे काम आठवते, तर गोदामातील मदतनिसाला पाठ मोडणारे. दोघेही 'सहमत' अशी खूण करतात आणि दोघांची सरासरी निघते.

चौथा दोष अधिक मूलभूत आहे. माणूस एखाद्या क्षेत्रात का आला आणि तेथे असल्याचे समर्थन तो आज कसे करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नावली दुसऱ्या गोष्टीची नोंद करते आणि संशोधक तिला पहिलीचे उत्तर समजतो.

डबेवाले : एका आवडत्या उदाहरणाचे पुनर्वाचन

पुरवठा साखळी व प्रेरणा हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडे मुंबईच्या डबेवाल्यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था, १९५६ मध्ये नोंदणी झालेला तिचा न्यास, डब्यावरील रंग-अक्षरांची सांकेतिक लिपी, २००३ मध्ये तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी घेतलेली भेट, २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने केलेला अभ्यास या बाबी वर्गावर्गांतून सांगितल्या जातात. त्यांतच 'फोर्ब्सने दिलेले सिक्स सिग्मा प्रमाणपत्र' ही बाबही असते. तो समज १९९८ च्या एका लेखातून पसरला. प्रत्यक्षात सदर नियतकालिकाने असे प्रमाणपत्र दिलेले नाही. अध्यापकाने ही दुरुस्ती करणे अगत्याचे आहे. कारण अचूकतेचा आदर्श सांगताना आपणच अचूक नसू, तर उदाहरण व्यर्थ जाते.

परंतु खरा आक्षेप निराळा आहे. या उदाहरणाचा बोध आपण असा काढतो : 'पाहा, अल्पशिक्षित माणसे किती निष्ठेने काम करतात, कर्मचाऱ्यांनी हा आदर्श घ्यावा.' हा निष्कर्ष पायाच चुकल्यामुळे टिकत नाही, कारण डबेवाला हा कर्मचारी नाही. तो आपल्या गटाचा भागीदार आहे. गटाचे ग्राहक ठरलेले असतात. मिळकत जमा होते, खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम वाटून घेतली जाते. उमेदवारीचा काळ संपल्यावर नवागताला गटातील आपले स्थान पैसे मोजून घ्यावे लागते. मुकादम हा अनुभवाने ज्येष्ठ सहकारी असतो. डबा चुकला तर ग्राहक गटाचा तुटतो व तोटा सर्वांच्या वाट्याला येतो. येथे निष्ठा हा स्वभावगुण कमी आणि रचनेचा परिणाम अधिक आहे.

दुसरी बाब सामाजिक. ही मंडळी बहुतांशी पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील आहेत. गावच्या यात्रेसाठी दरवर्षी चैत्राच्या सुमारास काही दिवस संपूर्ण सेवा बंद राहते आणि ग्राहकांनाही ते मान्य असते. वारकरी संप्रदायाचा संस्कार, नातेगोते, एका पंक्तीत बसणारे सहकारी यांमुळे कामातील चूक ही गावातील नावाला लागणारा बट्टा ठरते. प्रेरणेचा हा स्रोत कोणत्याही प्रश्नावलीतील 'सहकाऱ्यांशी संबंध' या एका विधानात मावणारा नाही.

अर्थात, या व्यवस्थेचे उदात्तीकरणही टाळावयास हवे. नातेसंबंधांवर उभी असलेली संघटना बाहेरच्या माणसाला सहज आत घेत नाही. स्त्रियांचे प्रमाण तेथे नगण्य राहिले आहे. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या व कार्यालये बंद झाली, तेव्हा पूर्वी सुमारे ५,००० असलेली डबेवाल्यांची संख्या झपाट्याने घटली. अनेक जण गावी परतले आणि काहींनी दुसरे व्यवसाय धरले. शिकलेली पुढची पिढी या कामात येण्यास फारशी उत्सुक नाही, ही खंत त्यांचे प्रतिनिधीच व्यक्त करीत आले आहेत. आपल्या मुलाने हेच काम करावे असे माणसाला वाटते काय, हा प्रेरणेचा सर्वांत कठोर निकष होय. त्या निकषावर सर्वाधिक गौरविलेली ही साखळीसुद्धा अडखळते.

माथाडी कायदा : हमीतून येणारी प्रेरणा

डबेवाल्यांचे उदाहरण 'वाट्या'चे आहे, तर माथाडी कामगारांचे 'हमी'चे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईतील बाजार व गोद्यांत टोळ्यांनी काम करणाऱ्या या कामगारांना निश्चित मालक नव्हता. त्यामुळे निश्चित मजुरी, रजा, भविष्य निर्वाह निधी यांचाही प्रश्न उद्भवत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघर्षातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ अस्तित्वात आला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून हेच काम वेगळ्या मार्गाने उभे केले. पोत्याचे वजन माणसाला पेलेल इतके मर्यादित असावे, ही हमाल चळवळीची मागणी कामगारांनी स्वतः मांडलेली 'कामाच्या परिस्थिती'ची मीमांसाच होती.

या अधिनियमाची रचना अभ्यासनीय आहे. शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन होते. कामगार व मालक दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते. मालक मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला मजुरी, रजा, बोनस, उपदान, वैद्यकीय साहाय्य इत्यादी लाभ देते. मालक बदलत राहिला तरी कामगाराची नोंद कायम राहते. हर्झबर्ग यांच्या भाषेत हे सारे 'असमाधान टाळणारे' घटक आहेत. तथापि ज्याच्या नावाची कोठेच नोंद नव्हती, त्याला नोंदणी क्रमांक मिळणे ही केवळ असमाधान टाळणारी गोष्ट असते काय? 'हमाल' ही हाक आणि 'नोंदीत माथाडी कामगार' ही ओळख यांत जे अंतर आहे ते मानाचे आहे. येथे हमी आणि मान एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत आणि म्हणूनच द्विघटक सिद्धांताची विभागणी येथे कोलमडते.

या व्यवस्थेत दोष शिरले आहेत, हेही मान्य करावयास हवे. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे मागणाऱ्या टोळ्यांविषयी उद्योजकांच्या तक्रारी आहेत, तर अनेक आस्थापना नोंदणीच टाळतात अशी कामगार संघटनांची तक्रार आहे. परंतु दोषांमुळे मूळ प्रश्न संपत नाही. पुरवठा साखळीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत या अधिनियमाचा साधा उल्लेखही नसावा, याचा अर्थ काय लावावयाचा?

नागपूर : भूगोल आणि माणूस

नागपूरच्या संदर्भात हा विचार अधिक निकडीचा ठरतो. दिल्ली-चेन्नई व मुंबई-हावडा हे लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात; राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ येथे मिळतात. शून्य मैलाचा दगड हे तर शहराचे बोधचिन्हच झाले आहे. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ मध्ये झाली आणि 'मिहान' या नावातच मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे स्वप्न गुंफले गेले. पुढील काळात तेथे माहिती-तंत्रज्ञान कंपन्या व विमान देखभाल केंद्र अधिक ठळकपणे आले. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वाडी, बुटीबोरी या परिसरांत गोदामे वाढली. 'नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, म्हणून येथे या क्षेत्रात सुवर्णसंधी आहे' हे वाक्य आपल्या प्रवेश माहितीपत्रकांत हमखास आढळते.

मध्यवर्ती स्थान हे मालाच्या दृष्टीने सोयीचे आहे. माणसाच्या दृष्टीने ती प्रेरणा ठरते काय? प्रस्तुत लेखकाच्या वर्गातून वाणिज्य पदवी घेतलेला एक विद्यार्थी शहरालगतच्या एका गोदामात 'पर्यवेक्षक' म्हणून लागला. वर्षभराने भेटला तेव्हा तो म्हणाला, "सर, पद पर्यवेक्षकाचं आहे, पण पगार ठेकेदार देतो. मी ज्यांच्यावर देखरेख करतो, ते आणि मी एकाच कागदावर सही करतो." थोडे थांबून त्याने पुढे विचारले, "मी नेमका कोणाचा नोकर, हे तुम्ही शिकवलं होतं का?" या प्रश्नाला लेखकापाशी उत्तर नव्हते. एका विद्यार्थ्याच्या अनुभवावरून सार्वत्रिक विधान करता येत नाही, हे मान्य. परंतु प्रश्न योग्य होता आणि तो आपल्या कोणत्याही प्रश्नावलीत नाही. ज्या साखळीत मालाच्या प्रत्येक खोक्याचा माग लागतो, तिच्यात माणसाचा मालक सापडू नये, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वाहनचालकांची स्थिती याहून वेगळी नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतील अपघातानंतर पळून जाण्याविषयीच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर मालवाहू गाड्या थांबल्या, तेव्हा नागपूरसह अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. साखळीतील चालक हा दुवा किती महत्त्वाचा आहे, याची जाणीव समाजाला त्या दोन दिवसांत झाली. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा सदर उपकलम लागू करण्यात आले नाही. मालवाहू वाहनांत चालकाच्या कक्षाला वातानुकूलन असावे, हा नियम नव्या वाहनांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. नागपूरच्या मे महिन्यात लोखंडी कक्षात बसून गाडी हाकणाऱ्यासाठी ही चैन नाही. घरोघरी वस्तू पोहोचविणाऱ्या तरुणांना सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने प्रथमच कायद्याच्या व्याख्येत स्थान दिले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. व्याख्येत येणे ही हमीची पहिली पायरी होय. प्रत्यक्ष लाभ मिळणे अद्याप पुढेच आहे.

अध्यापकांची जबाबदारी

उपरोक्त विवेचनावरून वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अध्यापकांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, पुरवठा साखळीच्या अभ्यासक्रमात माथाडी अधिनियम, कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी व सामाजिक सुरक्षा संहिता यांचा समावेश व्हावा. आपला मालक कोण, हे ओळखण्याइतके ज्ञान प्रत्येक विद्यार्थ्यापाशी असावे. दुसरी, नोकरीस लागलेल्यांची संख्या प्रसिद्ध करण्यापेक्षा तीन वर्षांनी त्यांतील किती जण त्या क्षेत्रात आहेत आणि उरलेल्यांनी ते का सोडले, याची नोंद विभागाने ठेवावी. हे काम खर्चाचे नाही आणि प्रेरणेविषयी त्यातून जे कळेल ते शेकडो प्रश्नावलींतून कळणार नाही. तिसरी, विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट केवळ आधुनिक गोदामापुरती मर्यादित नसावी. कळमना बाजारात पहाटे माल उतरताना त्यांनी पाहावे आणि हमाल, तोलणार, अडते यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे.

निष्कर्ष

कर्मचारी पुरवठा साखळीत का येतात, या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही. काही निवडीने येतात आणि काही निरुपायाने. दोहोंची सरासरी काढणे हे शास्त्र नव्हे. माणसे तेथे का टिकतात, याविषयी मात्र महाराष्ट्राच्या अनुभवावरून काही सांगता येते. जेथे कामाच्या फळात वाटा आहे, जेथे नाव नोंदले जाऊन उद्याची हमी आहे आणि जेथे आपल्या माणसांत मान आहे, तेथे प्रेरणा बाहेरून भरावी लागत नाही. यांपैकी एकही नसेल, तर प्रेरणेवरील व्याख्याने आणि भिंतीवरील सुवचने निष्फळ ठरतात. डबेवाल्यांची निष्ठा कर्मचाऱ्यांकडून अपेक्षिणाऱ्यांनी डबेवाल्यांचा वाटाही कर्मचाऱ्यांना देऊ केला पाहिजे. तो देणे शक्य नसेल, तर निदान ते उदाहरण देताना ही अट सांगितली जावी, एवढी अपेक्षा अध्यापकांकडून करणे अवाजवी ठरू नये.